उजवे मागचे चाक

अमेरिकेत गाड्यांच्या शर्यतींमध्ये मी टायर सांभाळण्याचे काम करतो, असे आईला पहिल्यांदा फोनवर सांगितले तेव्हा तिने शांतपणे विचारले, "म्हणजे पंक्चर काढतोस होय रे?" तिला वाईट वाटू नये म्हणून मी बरेच तांत्रिक स्पष्टीकरण दिले, पण एक संपूर्ण हंगाम पुरा करून आल्यावर सांगायचे, तर तिचाच अंदाज वस्तुस्थितीच्या जास्त जवळचा होता. या भटक्या आयुष्यात शर्यत फार थोडी वाट्याला येते. चिखल खरवडणे, चाके धुणे, रबरात खाचा पाडणे आणि मध्यरात्रीनंतर ट्रकमध्ये बसून पुढच्या गावाची वाट धरणे, यातच दिवस जातात.

मी मूळचा कोल्हापूरचा. डिप्लोमा झाल्यावर शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या कारखान्यात चार वर्षे काढली आणि लग्नानंतर पेनसिल्व्हेनियात आलो. आमच्या घरापासून जवळच, मेकॅनिक्सबर्ग गावाबाहेर विल्यम्स ग्रोव्ह नावाचा मातीचा शर्यतमार्ग आहे. १९३९ पासून तिथे गाड्या धावत आहेत, आणि शेजारी २००५ साली बंद पडलेल्या जुन्या करमणूक बागेचे अवशेष आहेत. दर शुक्रवारी तिकीट काढून जाता जाता एका स्थानिक संघाची चाके धुण्याची फुकट चाकरी मी पत्करली, आणि दोन वर्षांनी देशभर फिरणाऱ्या एका संघात पगारी जागा मिळाली. माझ्याकडे ग्रीनकार्ड होते म्हणूनच हे शक्य झाले. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याने असा उद्योग हौसेपुरताही करू नये, हे इच्छुकांसाठी आधीच सांगून ठेवतो.

स्प्रिंट कार हे प्रकरण भारतात फारसे माहीत नाही, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. चालकासह जेमतेम साडेसहाशे किलो वजनाची ही गाडी. तिला ४१० घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन असते आणि ते नऊशे अश्वशक्तीच्या आसपास जोर काढते. इंधन पेट्रोल नव्हे तर मिथेनॉल, ज्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. डोक्यावर विमानाच्या पंखासारखा २५ चौरस फुटांचा पंख बसवलेला असतो, जो वाऱ्याच्या दाबाने गाडीला जमिनीवर दाबून धरतो आणि चालकाला बसल्या जागेवरून पुढेमागे सरकवता येतो. गाडीला स्टार्टर नाही, बॅटरी नाही, क्लच नाही, गिअरबॉक्सही नाही. मागून एक ट्रक ढकलतो आणि इंजिन पेटते. एवढ्या ताकदीच्या यंत्राला सुरू होण्यासाठी धक्का लागतो हे पाहून मला आमच्या जुन्या यज्दीची आठवण आली होती.

अशा गाड्या अर्ध्या मैलाच्या, किंवा त्याहून लहान, मातीच्या गोलावर डावीकडे वळत राहतात. सरळ धावतानाही त्या तिरक्याच दिसतात. याचे कारण माझ्या कामात आहे. मागच्या दोन चाकांपैकी उजव्या चाकाचा टायर डाव्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. दोघांच्या परिघात दहा-बारा इंचांचा फरक सहज असतो. स्टीलचा पेला फरशीवर आडवा टाकून ढकलला तर तो सरळ न जाता गोल फिरतो, तसेच हे आहे: एकाच आसाला एका बाजूने मोठे आणि दुसऱ्या बाजूने लहान चाक लावले की गाडी आपणहून डावीकडे वळू पाहते. हा फरक किती ठेवायचा, हवा किती भरायची, रबर मऊ घ्यायचे की कडक, त्यावर खाचा किती आणि कोणत्या दिशेने पाडायच्या, याचा निर्णय आमचे मुख्य मेकॅनिक घेतात. पण त्यांना जे सांगायचे ते मी चाक पाहून सांगतो. आपल्या मोटारीत तीस-बत्तीस पौंड हवा असते. इथे उजव्या मागच्या चाकात दहाच्या आसपास आणि डाव्यात त्याहूनही कमी. अर्ध्या पौंडाच्या फरकावरून आमच्या तंबूत वाद झालेले मी पाहिले आहेत.

हे सगळे मातीवर अवलंबून असते, आणि माती दर तासाला बदलते. कोल्हापूरच्या तालमीत हौद्यातल्या लाल मातीला ताक, तेल, हळद, लिंबू घालून वस्ताद कसे राखतात हे मी लहानपणी पाहिले आहे. इथले शर्यतमार्ग सांभाळणारे लोक मला त्याच जातीचे वाटतात. सकाळपासून टँकरने पाणी मारायचे, कुळवासारख्या अवजाराने माती फोडायची, ग्रेडरने सपाट करायची, ओल धरून राहावी म्हणून काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराईड टाकायचे, आणि संध्याकाळी गाड्याच हळूहळू फिरवून ती दाबून घ्यायची. पहिल्या फेऱ्यांच्या वेळी माती चिकट, बुटाला ओढून धरणारी असते. मग ती कोरडी पडत जाते, मधला पट्टा काळा गुळगुळीत होतो आणि सैल माती उडून बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. त्या कडेला सगळे 'कुशन' म्हणतात. धाडसी चालक उजवे मागचे चाक त्या बांधाला टेकवून धावतो. जरा वर गेला तर भिंत, जरा खाली राहिला तर घसरण.

शेतकऱ्याच्या घरचा माणूस मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही ते सांगतो. मला इंग्रजीत हा शब्द कुठे सापडला नाही, पण आमच्या मेकॅनिकना ही मूठ दाबून पाहण्याची पद्धत मी शिकवली, आणि आता तेही दुपारी तिसऱ्या वळणाजवळ जाऊन मूठ दाबून येतात. कामातली एवढी एक भर माझी म्हणता येईल.

रात्रीचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी सरावाच्या फेऱ्या, मग वेळ मोजून घेतलेल्या दोन फेऱ्या, मग आठ-दहा फेऱ्यांच्या प्राथमिक शर्यती, मागे पडलेल्यांसाठी आणखी एक संधी, आणि शेवटी तीस-चाळीस फेऱ्यांची मुख्य शर्यत. दरवेळी गाडी परत येते ती चिखलाने लडबडून. चाकाच्या आतल्या बाजूला किलोकिलोने माती चिकटलेली असते; ती असमान साचली तर वेगात चाक थरथरते, म्हणून खरवडणी हातात घेऊन गाडीखाली शिरायचे आणि इंजिन गरम, ब्रेक गरम, त्यात हात घालून ती काढायची. हे करताना पाठ शर्यतमार्गाकडे असते. पुढच्या गटाची शर्यत चालू असते, लोक ओरडत असतात, आणि मला मात्र फक्त आवाज ऐकू येतो. त्या आवाजावरूनच आपली गाडी कुठे आहे हे ओळखण्याची सवय लागली. शर्यत थांबवणारे लाल निशाण पडले आणि ते 'खुले' असल्याचे जाहीर झाले, तरच आम्हाला गाडीवर काम करायला धावत जाता येते; 'बंद' असेल तर दुरून नुसते बघायचे. चाक फुटले तर कामाच्या ठरलेल्या जागेत ते मोजक्या मिनिटांत बदलावे लागते. हंगामात असे प्रसंग फार आले नाहीत, पण जे आले ते आजही स्वप्नात येतात.

शर्यत संपली की आमचा दुसरा दिवस सुरू होतो. मिथेनॉल धातूला खाते, तेलातही उतरते. म्हणून इंधनाची यंत्रणा धुवायची, तेल बदलायचे, वाकलेले दांडे बदलायचे, उद्याची चाके बसवून ठेवायची. सगळे ट्रेलरमध्ये भरायला बहुधा एक-दीड वाजतो. ट्रक चालवणाऱ्यांना इथे कायद्याने सलग दहा तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त अकरा तास चालवता येते, त्यामुळे कोण कधी झोपणार आणि कोण कधी चाक धरणार याचे गणित शर्यतीइतकेच काटेकोर असते. पेनसिल्व्हेनियाहून आयोवा सुमारे पंधराशे किलोमीटर. इंटरस्टेट ८० या महामार्गावर वॉलकॉट येथे जगातला सर्वांत मोठा म्हणवला जाणारा ट्रकथांबा आहे. तिथे पहाटे आंघोळ करून, ट्रेलरमधल्या विजेच्या कुकरवर मुगाची खिचडी लावून, मेतकूट घालून मी सहकाऱ्यांना वाढली. एकाने आणखी मागितली. दुसऱ्याने ती लहान मुलाचे जेवण आहे असे म्हटले, आणि त्यात चूक काही नव्हती.

या फिरतीला इतिहास आहे. १९७८ साली टेड जॉन्सन यांनी 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' ही मालिका सुरू केली. तोपर्यंत कोणा एका संस्थेशी बांधून न घेता, जिथे बक्षीस मोठे तिथे गाडी घेऊन जाणाऱ्या चालकांना 'आउटलॉ' म्हटले जाई. त्यांनाच एका वेळापत्रकात बसवायचे असा हा उपक्रम होता. पहिल्या वर्षीचे विजेतेपद स्टीव्ह किन्सर यांना मिळाले, आणि पुढे त्यांनी ते एकूण वीस वेळा जिंकले. अलीकडे काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट या चालकांनी 'हाय लिमिट' ही दुसरी मालिका उभी केल्यामुळे चालक, मालक आणि आमच्यासारखे कामगार यांना निवड करता येऊ लागली. पगारावर त्याचा चांगला परिणाम झाला असे जुने लोक सांगतात. दोन दुकाने असली की गिऱ्हाईकाचा मान वाढतो, तसे काहीसे.

हंगाम फेब्रुवारीत फ्लोरिडातील व्होल्युशियात सुरू होतो आणि नोव्हेंबरात नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटला संपतो. पण सगळ्यांचे डोळे ऑगस्टमधल्या नॉक्सव्हिलकडे लागलेले असतात. आयोवा राज्यातले हे आठेक हजार वस्तीचे गाव. तिथे १९६१ पासून 'नॅशनल्स' ही स्पर्धा भरते, आणि त्या आठवड्यात मक्याच्या शेतांमधल्या या गावाचे रूप आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जत्रेसारखे होते: अंगणाअंगणांत तंबू, घरमालकांनी हाताने लिहिलेल्या पार्किंगच्या पाट्या, डुकराच्या मांसाच्या पावाएवढ्या नव्हे तर ताटाएवढ्या तळलेल्या वड्या, आणि वळणापाशीच उभे असलेले या खेळाचे संग्रहालय. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुर्च्यांची तिकिटे राखून ठेवणारी कुटुंबे मला भेटली. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर आजोबा, बाप आणि नातू एकाच बैलाबद्दल भांडताना मी ऐकले आहेत. इथे बैलाच्या जागी चालकाचे नाव घातले की झाले. विजेत्याला दीड लाख डॉलर किंवा त्याहून अधिक मिळतात. किन्सर यांनी ही स्पर्धा बारा वेळा, तर डॉनी शात्झ यांनी अकरा वेळा जिंकली आहे.

शनिवारच्या अंतिम रात्री आमची गाडी बी गटाच्या शर्यतीत होती, आणि त्यातले पहिले चार मुख्य शर्यतीत जाणार होते. त्या दिवशी दुपारी वारा होता. माती लवकर कोरडी पडेल असे मी मूठ दाबून सांगितले आणि त्या भरवशावर उजव्या मागच्या चाकाला कडक रबर लावले गेले. सूर्य मावळताच वारा पडला, ढग आले, आणि माती अपेक्षेपेक्षा बराच वेळ ओली राहिली. गाडीला पहिल्या सात-आठ फेऱ्यांत पकडच मिळाली नाही. ती मिळेपर्यंत पुढचे दूर गेले होते. आम्ही सहावे आलो. कोणी मला एक शब्द बोलले नाही. मुख्य मेकॅनिकनी चाक पाहिले, अंगठ्याने रबर दाबले आणि "ठीक आहे, आता भरूया," एवढेच म्हणाले. ओरडले असते तर बरे झाले असते.

सामान भरून झाल्यावर मला पहिल्यांदाच प्रेक्षकांत जाऊन मुख्य शर्यत पाहायची मोकळीक मिळाली. चोवीसहून अधिक गाड्या चार-चारच्या रांगा करून लोकांना मानवंदना देत गेल्या. हे दृश्य मी तोपर्यंत फक्त ट्रेलरच्या कोपऱ्यातून, गाड्यांच्या पाठीमागून पाहिले होते. मग पन्नास फेऱ्या झाल्या. शेजारचे आजोबा प्रत्येक ओलांडणीला उभे राहात होते आणि मधूनमधून मला काहीतरी सांगत होते. मी मान हलवत होतो. पुढे कोण आहे याकडे माझे लक्षच नव्हते; मी प्रत्येक गाडीचे उजवे मागचे चाक पाहत होतो: कोणाचे रबर अजून खाचा राखून आहे, कोणाचे मधून चकाकायला लागले, कोण बांधाला टेकवून धावल्यामुळे कडेने झिजवतो आहे. तिसाव्या फेरीच्या सुमारास मला कळले की सर्वांत पुढच्या गाडीने मऊ रबर लावले होते.

शर्यत संपल्याचे निशाण पडले तेव्हा आजोबांनी माझा हात धरून विचारले, "कसे वाटले?" मी म्हणालो, "छान," आणि उठलो, कारण दुसऱ्या दिवशीची चार चाके अजून बसवायची राहिली होती.