तालमीच्या कपाटासाठी सेलमधली पुस्तकं: माझा अनुभव

गणपतीच्या वर्गणीतले 8,000 रुपये शिल्लक राहिले आणि कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, बैठकीत त्यावरून जुंपली. पोरांना पुढच्या वर्षीच्या साउंडसाठी ते बाजूला ठेवायचे होते, जुनी मंडळी छपराच्या पत्र्यावर अडून बसली होती. शेवटी अध्यक्षांनीच पुस्तकांचा विषय काढला. वरच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यात ढाली आणि करंडक सोडून काही नाही. मी बँकेत आहे, एवढ्या भांडवलावर "तुमी वाचणारी माणसं, तुमीच आणा" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. अट एकच घातली: कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं आणायची. स्पर्धा परीक्षेचं काही नको, त्याला अभ्यासिका आहेत.

ग्रुपवर नावं मागवली, तर घरोघरची यादी आली. 'मृत्युंजय', 'छावा', 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'ययाति', 'पानिपत'. त्यात वाईट काही नाही. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई कोवाडचे, खांडेकरांची पुढची हयात कोल्हापुरात गेली. जिल्ह्याला अभिमान वाटणारच. पण ही पुस्तकं निम्म्या घरांत शोकेसमध्ये आहेत, करवीर नगर वाचन मंदिरात आहेत (ते तर 1850 पासून चालू आहे), आणि त्यांच्यावर सूट बारा महिने कुठं ना कुठं मिळतेच. त्यांच्यासाठी सेलची वाट बघायची गरज नाही. वर्षभर दुकानाच्या दर्शनी फळीवर जे दिसत नाही, त्याच्यासाठी सेल. हे मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर दोन अंगठे आले आणि खजिनदारांचा एक प्रश्न: "मग आम्हाला काय ठावं नसलेली पुस्तकं आणणार व्हय?"

व्हय, तसंच काहीसं.

सेल दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये होता, वसुबारसेच्या आधीपासून लागलेला. दारातच 'कोणतंही पुस्तक 100 रुपये'चं टेबल आणि त्याच्याभोवती सगळी गर्दी. तिथं जरा थांबून पानं उलटली की गोम कळते. बऱ्याच प्रती जुन्या आवृत्तीच्या असतात, आतल्या पानावर छापील किंमत 120, कधी 90 सुद्धा. 90 चं पुस्तक 100 ला घेऊन लोक खूश होऊन जात होते. उलट त्याच ढिगात एखादं असं सापडतं की ज्याची नवी आवृत्ती आज 400 च्या खाली येत नाही. तेव्हा त्या टेबलावर पाटीकडं बघायचं नाही, आतलं पान बघायचं. आतल्या रांगांत नव्या पुस्तकांवर 20 टक्के सूट होती. तालमीच्या लेटरहेडवर मागणीपत्र नेलं होतं म्हणून ती 30 झाली. संस्था नोंदणीकृत असेल तर हे विचारायला लाजू नये. विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. पुस्तकांवर जीएसटी नसतो, त्यामुळं बिलात वर काही चढत नाही.

दुसरं काम वेळखाऊ, पण टाळू नये असं. सेलमधली प्रत परत घेत नाहीत, तेव्हा बिल करायच्या आधी फर्मे मोजायचे. पुस्तक 16-16 पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, एखादा गळतो, एखादा दोनदा लागतो. मी खिडकीखाली स्टूल ओढून प्रत्येक प्रतीचे पानांचे आकडे अंगठ्यानं सोडत गेलो. एका आत्मचरित्रात 97 ते 112 ही पानं दोनदा निघाली आणि त्यानंतर थेट 129. मधली 16 पानं गायब. विक्रेत्यानं कुरकुर न करता खोक्यातून दुसरी प्रत काढली. तेच घरी गेल्यावर कळलं असतं, तर तालमीत वर्षभर माझीच खिल्ली उडाली असती.

निवडीबद्दल सांगायचं तर पहिला हात आनंद यादवांच्या 'झोंबी'वर गेला. कागल इथनं पाऊण तासावरही नाही. बापाला पोरगं मळ्यात राबायला पाहिजे, पोराला शाळा पाहिजे, यावरून सुरू झालेली ती झटापट. 1987 चं पुस्तक, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. पुढचे 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' हे भागही होते, पण चारही घेतले असते तर बजेटचा मोठा घास गेला असता. पहिला वाचून कोणी पुढचा मागितला तर आणू, असं ठरवलं. ही कादंबरी की आत्मचरित्र यावर खजिनदार आणि मी टेबलाशीच वाद घातला. आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात तिला, म्हणून कपाटात ती दोन्ही कप्प्यांच्या मधोमध उभी केली आहे.

राजन गवसांची 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' एकत्र घ्यावीत. यल्लम्मा देवीला सोडलेली पोरगी आणि तिच्याच नावानं जोगता झालेला पोरगा. मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्याकडनं सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गाड्याच्या गाड्या जातात, त्या यात्रेतलं जे आपण बघून न बघितल्यासारखं करतो ते या दोन पुस्तकांत आहे. त्यांच्याच 'तणकट'ला 2001 चा अकादमी पुरस्कार मिळाला, पण मला विचाराल तर सुरुवात 'चौंडकं'नं करा.

कृष्णात खोतांचं 'रिंगाण' आणि विश्वास पाटलांचं 'झाडाझडती' ही दुसरी जोडी. दोन्ही धरणानं उठवलेल्या माणसांची, दोन्हींना अकादमी (1992 ला 'झाडाझडती', 2023 ला 'रिंगाण'), पण जात वेगळी. 'झाडाझडती' ऐसपैस आहे, त्यात कचेऱ्या, कागद, पुढारी सगळं येतं. 'रिंगाण' लहान. त्यात मागं राहिलेली म्हैस आहे आणि तिला आणायला निघालेली माणसं आहेत. योगायोग असा की पुस्तकं तालमीत आली तो दिवाळी पाडव्याचा दिवस होता. बाहेर शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून म्हशी पळवायला काढल्या होत्या. तालमीतला एक दूधवाला गडी, ज्यानं शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नसेल, "म्हशीवर कादंबरी हाय?" म्हणून ते घेऊन गेला. परत आणलं तेव्हा एवढंच म्हणाला, "त्यो लिवणारा धार काढत आसणार." यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

आत्मचरित्रांना खजिनदारांचा विरोध होता. "दुसऱ्याची दुखणी कोण वाचतंय?" मी निम्मे पैसे तिथंच घातले, कारण सेलमध्ये ढिगाच्या तळाशी जी सापडतात ती बहुतेक हीच असतात. खांडेकरांचं 'ययाति' सगळ्यांकडं, पण त्यांचं आत्मचरित्र 'एका पानाची कहाणी' आमच्या गल्लीत कुणाकडंच नव्हतं. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' घेतलं, दया पवारांचं 'बलुतं' घेतलं, किशोर शांताबाई काळेंचं 'कोल्हाट्याचं पोर' घेतलं. तमाशा बघून शिट्टी मारणाऱ्यानं ते शेवटचं वाचायलाच पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' जड असेल अशी समजूत असते. ते उघडून कुठलंही पान वाचा, बाई हसवून सोडतात.

आणि माधवी देसाईंचं 'नाच गं घुमा'. सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांची मुलगी, पुढं 'स्वामी' लिहिणाऱ्या रणजित देसाईंची पत्नी. कोल्हापूरच्या माणसाला ही दोन्ही नावं माहीत, त्या दोन घरांत वावरलेल्या बाईला काय म्हणायचं होतं ते माहीत नाही. 'स्वामी' वाचून रमा-माधवावर जीव टाकणाऱ्यांनी हेही वाचावं. त्यानं 'स्वामी' लहान होत नाही. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' त्याच्या शेजारी ठेवलं. श्याम बेनेगलांचा 'भूमिका' सिनेमा ज्यावरनं निघाला ते हे पुस्तक.

घेतलं नाही तेही सांगतो. 'संक्षिप्त आवृत्ती' असं बारीक अक्षरात छापलेलं काहीही घेतलं नाही, कितीही स्वस्त असलं तरी. पाच पुस्तकांचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला संच घेतला नाही, कारण त्यात हवं एकच असतं आणि फर्मे मोजता येत नाहीत. चकचकीत कव्हरची भाषांतरं ढिगानं होती. त्यातली काही चांगली असतील, पण पहिल्या पानावर वाक्य अडखळलं की मी खाली ठेवत गेलो.

बिल 7,640 झालं. उरलेल्या पैशात खाकी कागद, डिंक आणि लांब नोंदवही. कव्हरं पोरांनी घातली, रात्री मांडवात बसून, साउंडवाल्या गटानं सुद्धा.

नोंदवहीत सगळ्यात जास्त सह्या 'नाच गं घुमा'पुढं आहेत, आणि बहुतेक तालमीत कधी पाय न ठेवलेल्या बायकांच्या. पुस्तक नेतो त्यांचा मुलगा किंवा नवरा, सही मात्र घरनं होऊन येते. खजिनदारांच्या मंडळींचीही आहे. आता त्या सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' मागतायत आणि दूधवाला विचारतोय की म्हशीवर आणखी काय हाय. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला पुन्हा सेल लागतो. तोवर 'नांगरणी'चं नाव यादीत आधी घातलंय, कारण 'झोंबी' वाचून झालेले तिघंजण रोज विचारायला लागलेत.