दोन अल्बम आणि बस्स

ताप उतरला, पण डोकं अजून जडच. झोपून झोपून कंटाळा आला म्हणून दुपारी हेडफोन लावले आणि एमटिडी ही जुनी जर्मन गायक-वादक जोडी सापडली. माइक हिर्शफेल्ट आणि कॅनडाची डॉली होम्स. दोघंच! पहिला अल्बम 1970 चा, दुसरा 'साट' 1972 चा. संपलं.

'साट' म्हणजे जर्मनमध्ये पेरणी. आणि तो काढणाऱ्या कंपनीचं नाव पिल्झ, म्हणजे अळंबी. (त्या काळात हे नाव ठेवताना कुणी हसलं नसेल, हे मला पटत नाही.) रेकॉर्डिंग कोलोनजवळच्या श्टोमेलन गावात, डीटर डियर्क्सच्या स्टुडिओत. हाच माणूस पुढे स्कॉर्पियन्स या रॉक बँडचे अल्बम करतो! तिथे भिंत हादरवणारी गिटार, इथे साधी लाकडी गिटार, ऑर्गन आणि डॉलीचा गळा.

'साट'मधलं 'टच द सन' हे गाणं जवळजवळ बारा मिनिटांचं. घाई म्हणून नाही. मध्येच डोळा लागला की काय कळेना, कारण जाग आली तेव्हाही ते वाजतच होतं.

पहिला अल्बम अजून ऐकला नाही. आई विचारतेय, पेज घेतेस का? घेते. मग तोच.