तुम्ही विचारलंत म्हणून: आपला मुलगा का सोडला?

दर चतुर्थीला माशेलच्या आमच्या घरी हा प्रश्न ठरलेला. गणपतीवर माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट, बांधून झालेली असते, नेवऱ्यांचं ताट फिरत असतं आणि धाकटे काका विचारतात, “अगं, गोव्याचा इतका चांगला खेळणारा मुलगा, त्याला क्लबातून का जाऊ दिलंत? पैसे नव्हते काय तुमच्याकडे?” मी एका व्यावसायिक फुटबॉल क्लबात खेळाडूंचे करार आणि पगाराचा हिशेब पाहते. हाच प्रश्न मला फोंड्याच्या बाजारात भाजीवाली विचारते, फातोर्ड्याला सामन्यानंतर गाडीपर्यंत येऊन तरुण पोरं विचारतात, आणि त्यांच्या आवाजात जो राग असतो तो मला समजतो. पोटतिडकीनं विचारणाऱ्याला उडवून लावणं बरं नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

पैसे होते. पण क्लबाच्या खात्यात पैसे असणं आणि ते खेळाडूंच्या पगारावर खर्च करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. 2020-21 च्या मोसमात, जेव्हा साथीमुळे सगळे सामने आपल्या गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोला रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा ती 16.5 कोटी रुपये होती. ऐकायला मोठी रक्कम वाटते. आता समजा, सहा परदेशी खेळाडूंवर 8 कोटी गेले. उरले साडेआठ. त्यात भारतीय संघातून खेळणारे दोघे प्रत्येकी दीड कोटी मागतात, आणि बाजारात त्यांना तेवढं मिळतंही. राहिले साडेपाच कोटी आणि अठरा जण. सरासरी काढली तर साडेतीस लाखांच्या आसपास येते. त्या अठरांतच तुमचा गोव्याचा मुलगा असतो. त्याला पन्नास द्यायचे तर उरलेल्या सतरांपैकी कुणाच्या तरी ताटातून उचलून द्यायचे. तो कोण, ते मला नावानिशी ठाऊक असतं.

काका स्वतः माटोळी बांधतात, म्हणून गेल्या वर्षी मी त्यांना वर बोट दाखवलं. चौकट लाकडाची, दोऱ्या तेवढ्याच. एका कोपऱ्याला नारळाची पेंड टांगली की समोरच्या कोपऱ्याला काय टांगायचं ते ठरूनच जातं. सुपाऱ्यांचा आणखी एक घोस हवा म्हणून कुणी चौकट मोठी करत नाही. काका बराच वेळ वर बघत राहिले. पुढे काही बोलले नाहीत.

ही अडचण फक्त आपली नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सिलोनातून रडत गेला, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याचा करार जूनअखेरीला संपला होता, त्याला राहायचं होतं, क्लबाला तो हवा होता, तरी स्पॅनिश लीगच्या खर्चाच्या नियमांत त्याचा नवा करार बसला नाही. इतक्या मोठ्या खेळाडूचं हे झालं.

बाहेरून दिसत नाही असं बरंच काही या हिशेबात असतं. परदेशी खेळाडूचा एजंट बहुतेक वेळा डॉलरमध्ये बोलतो आणि हातात पडणाऱ्या रकमेचं बोलतो. कर क्लबानं भरायचा. समजा 30 टक्के कर धरला, तर त्याच्या हातात 70 लाख पडावेत म्हणून आम्हाला 1 कोटी मोजावे लागतात. वर डॉलर. 2021 च्या सुरुवातीला तो 73 रुपयांच्या आसपास होता, 2025 च्या डिसेंबरात त्यानं 90 ओलांडले. 2 लाख डॉलरचा करार आधी 1 कोटी 46 लाखांचा होता, नव्वदच्या भावानं तोच 1 कोटी 80 लाखांचा. मधले 34 लाख कुणी गोल करून कमावलेले नाहीत, कुणी मागितलेलेही नाहीत. पण वर सांगितलेली सरासरी आठवा; गोव्यातला एक अख्खा मुलगा त्यात बसतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण पुढचं तिच्यावर अवलंबून आहे. काही वर्षांपूर्वी बत्तीस वर्षांच्या एका परदेशी स्ट्रायकरला आम्ही दोन वर्षांचा करार दिला. तो एका वर्षावर तयार झाला असता. एजंटनं शेवटच्या रात्री दुसऱ्या वर्षाचा हट्ट धरला, विंडो, म्हणजे नवे खेळाडू नोंदवायची मुदत, बंद व्हायला चोवीस तासही नव्हते, आणि दुसरं वर्ष द्यायला हरकत नाही अशी टिपणी मीच लिहिली. पहिल्या मोसमाच्या शेवटी त्याचा गुडघा गेला. माणूस अत्यंत सज्जन. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फिजिओच्या टेबलावर पडून राहायचा. पण दुसऱ्या वर्षी तो मोजून चार सामने खेळला. आम्ही परस्पर संमतीनं करार संपवला, तडजोडीची रक्कम दिली, आणि त्या मोसमात दोन तरुण मुलांना पगारवाढ मिळाली नाही.

अमेरिकेतल्या एनएफएलमध्ये, म्हणजे त्यांच्या अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलमध्ये, या प्रकाराला नावच आहे: डेड मनी. तिथे 1994 साली पगारमर्यादा आली तेव्हा ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 साली 27 कोटी 92 लाख डॉलर. तिथे सही करताना दिलेला बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मोठा खेळाडू स्वस्तात आल्यासारखं वाटतं. त्याला मध्येच सोडलं की न दाखवलेला उरलेला बोनस मर्यादेत येऊन बसतो. खेळाडू गेलेला, जागा मात्र अडलेली. आमचे नियम निराळे आहेत, पण तो गुडघा आठवला की मला हाच शब्द आठवतो. तेव्हापासून करारात मी रकमेच्या आधी वर्षं वाचते.

तर तो मुलगा. सासष्टीतल्या किनाऱ्यावरच्या गावचा, वडील मासेमारी करतात. आमच्याकडचे करार साधारण 31 मेला संपतात, आणि फिफाच्या नियमाप्रमाणे शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलू शकतो. म्हणजे 1 डिसेंबरपासून. मुदत संपून गेला की क्लबाला ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू दुसऱ्या क्लबाला देण्याचे पैसे, मिळत नाही. युरोपात ही वाट बॉस्मन नावाच्या खेळाडूच्या खटल्यात 1995 साली लागलेल्या निकालानं मोकळी केली. तेव्हा त्याच्याशी नोव्हेंबर संपायच्या आत बोलणं झालं पाहिजे, हे मला दिसत होतं. एजंटला बाजूला ठेवून मी घरी गेले.

वडील बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून जाळं विणत होते. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा. मी फाईल उघडली, पगाराचा आकडा सांगणार इतक्यात वडील हातातलं काम न थांबवता म्हणाले, “कितलीं वर्सां, बाय?” किती वर्षं. मी म्हटलं, तीन. त्यांनी मान हलवली आणि सांगायला लागले. त्यांच्या तरुणपणी चांगलं खेळणाऱ्याला गोवा पोलिसात, पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी लागायची. पगार बेताचा, पण पाय मोडला तरी नोकरी राहायची, सामने संपले तरी महिन्याचा पगार यायचा. आता सगळं कागदावरच्या वर्षांवर आहे, म्हणून त्यांना वर्षं विचारायची होती. दुसऱ्या क्लबानं चार वर्षं आणि दरवर्षी आमच्यापेक्षा जास्त पैसे सांगितले होते.

पैशांचं मी काहीतरी जुळवलं असतं. चौथं वर्ष माझ्या तोंडातून निघेना. मुलगा एकवीसचा, गुडघे धडधाकट; त्याला चार वर्षं देणं आणि बत्तीसच्या माणसाला दोन देणं यांत काही साम्य नव्हतं. पण पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो तसं माझं झालं. संध्याकाळी वरिष्ठांशी बोलतानाही मी त्या चौथ्या वर्षासाठी जोर लावला नाही. म्हणून काका, खरं उत्तर द्यायचं तर अर्धं पगारमर्यादेचं आहे आणि अर्धं माझं.

त्याच्या जाण्याला गद्दारी म्हणणाऱ्यांवर मात्र मी मनापासून रागावते. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा असतात, तीही शरीर धड राहिलं तर. आणि करारावर लिहिलेला आकडा मिळेलच असं नसतं. दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूला क्लबाला लेखी कळवून किमान 15 दिवसांची मुदत देता येते आणि तरी पैसे आले नाहीत तर करार मोडता येतो, असं फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे. कागदावर हा हक्क ठणठणीत दिसतो. पण घराचे हप्ते चालू असताना, मोसमाच्या मधोमध, एकवीस वर्षांच्या मुलानं ते पत्र पाठवायचं म्हणजे काय, ते मी समोर बसून पाहिलंय. 2025 च्या जुलैत तर लीगच थांबली. आयोजक आणि भारतीय फुटबॉल फेडरेशन यांच्यातला लीग चालवण्याच्या हक्कांचा करार डिसेंबरात संपणार होता, पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. देशातल्या काही क्लबांनी पगार थांबवल्याचं जाहीर केलं. करार वैध, सह्या खऱ्या, फक्त खेळायला सामने नाहीत. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त फोन आले ते खेळाडूंच्या आयांचे. जो क्लब मोठा आकडा सांगतो त्यापेक्षा जो महिन्याच्या महिन्याला पगार देतो तो निवडा, असं मी प्रत्येक मुलाला सांगते, आणि तो समोरचा क्लब असला तरी सांगते.

त्या मुलानं सही करण्याच्या आदल्या रात्री मला फोन केला. “ताई, एकदा वाचून द्याल?” कागद दुसऱ्या क्लबाचे, मी हरलेल्या बाजूची, तरी मी त्याला पाठव म्हटलं. बावीस पानं होती. आमच्या तीन वर्षांपेक्षा त्यांची चार वर्षं चांगली होती, बोनसही स्वच्छ लिहिलेले होते. सतराव्या पानावर मी थांबले आणि त्याला परत फोन लावला. दुखापत होऊन अमुक आठवड्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलास तर पगार निम्मा, असं तिथे होतं. ते बदलून घे, त्याशिवाय सही करू नकोस, असं त्याला म्हटलं. पलीकडून वडिलांचा आवाज आला, पान कितवं ते विचारत होते.