आमची वाटचाल : प्रदर्शनाला जाणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतले कारखानदार मुंबईच्या प्रदर्शनांत स्टॉल लावतात. त्यांच्या मुक्कामाची सोय करणं हा आमचा व्यवसाय. सुरुवात रेल्वे आणि बसच्या तिकिटांपासून झाली. तिकीट हातात पडलं की गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "आणि उतरायचं कुठं?" त्यातूनच हे काम वाढत गेलं. आज तिकिटं हा आमचा जोडधंदा आहे.

आमचं सर्वांत जास्त काम गोरेगाव पूर्वेच्या नेस्को संकुलातल्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरसाठी असतं. आमच्या कामाचे टप्पे मुंबईच्या रुळांनी पाडले. डिसेंबर २०१६ पर्यंत गोरेगाव किंवा जोगेश्वरी स्टेशनला उतरून रिक्षा शोधावी लागायची, म्हणून हॉटेलही गोरेगावातच हवं असायचं. मग मधे राम मंदिर स्टेशन सुरू झालं. तिथे फक्त स्लो लोकल थांबते, फास्ट थांबत नाही, पण प्रदर्शनाकडे चालत जाता येतं. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत जोडली गेली आणि अंधेरी-मरोळचा सगळा पट्टा आमच्यासाठी खुला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो ३ वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत (बीकेसी) आली, तेव्हा आम्ही मुक्कामाच्या जागांची यादी पहिल्यापासून पुन्हा मांडली.

आज नेस्कोसाठी आमची पहिली पसंती मरोळ नाक्याजवळच्या हॉटेलांना असते. मरोळ नाक्याहून मेट्रो १ ने तिसरं स्टेशन वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. तिथून पादचारी पुलाने गुंदवलीला जायचं आणि मेट्रो ७ ने पुन्हा तिसऱ्या स्टेशनला, गोरेगाव पूर्वला उतरायचं. मुंबईतल्या सकाळच्या कोंडीशी संबंधच येत नाही. हेच मरोळ नाका मेट्रो ३ वरही आहे आणि तिथून बीकेसी सहावं स्टेशन. २०२२ पासून मोठी अधिवेशनं बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतात. ज्यांना एकाच फेरीत दोन्हीकडे जायचंय, त्यांना तर दुसरी जागा सुचवायचा प्रश्नच नाही.

नकाशातलं अंतर आम्ही शेवटी बघतो. नेस्को हायवेच्या पश्चिमेला आहे. पूर्वेकडचं हॉटेल नकाशात अगदी समोर दिसतं, पण मधे हायवे आहे. गाडीने निघालात तर वळण मिळेपर्यंत पुढे जाऊन परत यावं लागतं, आणि सकाळी नऊच्या सुमाराला तेवढ्यातच वेळ जातो. अशा हॉटेलातून मेट्रो स्टेशनच्या पुलावरून चालत जाणं सोयीचं. पवईची हॉटेलं चांगली आहेत, खोल्या ऐसपैस आहेत, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा सकाळचा भरवसा देता येत नाही. प्रदर्शन बघायला अकरा वाजता जाणाऱ्याला पवई चालेल. स्टॉलवाल्याला चालणार नाही.

हा फरक आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी समजावतो. बघायला जाणारा आपल्या सवडीने जातो. स्टॉलवाल्याचा दिवस आयोजक ठरवतात. त्यांचं माहितीपत्रक आलं की आम्ही त्यातल्या तीन वेळा काढून घेतो: स्टॉलचा ताबा कधी मिळणार, रोज सकाळी स्टॉलवाल्यांना आत कधी सोडणार आणि शेवटच्या दिवशी माल बाहेर काढायला कधी सुरुवात होणार. साधारणपणे प्रदर्शन दहाला उघडतं आणि स्टॉलवाल्यांनी नऊपर्यंत आत असावं अशी अपेक्षा असते. मशीन मांडणाऱ्यांचा फिटर एक-दोन दिवस आधी पोचलेला लागतो. शेवटच्या संध्याकाळी प्रदर्शन बंद झाल्यावर क्रेन आणि फोर्कलिफ्टसाठी रांग लागते, मशीन गाडीवर चढेपर्यंत मध्यरात्र उलटते. म्हणून तीन दिवसांच्या प्रदर्शनाला फिटरच्या खोलीच्या किमान चार-पाच रात्री धरायच्या. शेवटची रात्र वाचवायला जाणाऱ्यांची दुपारी बारालाच खोली सोडायची वेळ होते. सामान स्टॉलमागे पडून राहतं आणि माणूस दिवसभर उभा राहून रात्रीच्या बसला लागतो. हे आम्ही कुणालाही करू देत नाही. त्या रात्री जेवणाची सोय काय, तेही आधी विचारून ठेवतो, कारण बरीचशी हॉटेलं स्वयंपाकघर अकराला बंद करतात.

येण्याच्या दिवसाचंही तसंच. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास दादरला पोचते. खोली मात्र दुपारी दोनला मिळते. आठ-दहा जणांचा गट असेल तर आम्ही एक खोली आदल्या रात्रीपासूनच घेतो. सगळे तिथे आंघोळ करून, कपडे बदलून स्टॉलवर जातात. एका रात्रीचं भाडं जास्त जातं, पण पूर्ण दिवस हाती येतो.

आंघोळीचा विषय निघालाच आहे, तर गिझरबद्दल सविस्तर सांगायला हवं. खोलीचे फोटो सगळेच बघतात, गिझर कुणी बघत नाही. पंधरा लिटरच्या गिझरमधून आंघोळीजोगतं कोमट पाणी जेमतेम पावणेदोन बादल्या निघतं. दोन किलोवॉटची कॉइल असेल तर पुन्हा तापायला अठरा-वीस मिनिटं लागतात. खोलीत एक्स्ट्रा बेड टाकून तिघे राहिले तर तिसऱ्याची आंघोळ होईपर्यंत सहज तासभर जातो. आठला निघायचं म्हणजे पहिल्याने सहाला उठलं पाहिजे. साध्या लॉजमध्ये मध्यवर्ती गरम पाणी ठरावीक वेळीच येतं, तेव्हा ती वेळ विचारून घ्यायची. म्हणून नवं हॉटेल यादीत घेण्याआधी आमचा माणूस तिथे राहतो आणि सकाळी सात ते आठ या वेळात नळ, लिफ्ट आणि नाश्त्याची रांग बघतो. लिफ्टमधल्या पाटीवर सहा माणसं, ४०८ किलो असं लिहिलेलं असतं. चाळीस खोल्यांना अशी एकच लिफ्ट असेल आणि सगळे पाहुणे एकाच प्रदर्शनाला निघालेले असतील, तर नमुन्यांची खोकी घेऊन उतरणाऱ्यांचे हाल होतात. अशा ठिकाणी आम्ही पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्याच खोल्या मागतो.

नाश्ता सातला सुरू होत असेल तर मरोळहून जाणाऱ्यांना तो कसाबसा पुरतो. आम्ही पावणेसातची वेळ लेखी मागतो, नाहीतर डब्यात भरून द्यायला सांगतो. एकादशी, संकष्टी प्रदर्शनाच्या दिवसांत येत असेल तर साबुदाण्याची खिचडी आदल्या दिवशीच सांगून ठेवायची.

बुकिंग करताना 'डबल' म्हटलं की एक मोठा पलंग मिळतो, दोन वेगळे पलंग हवेत तर 'ट्विन' असंच लिहायचं. दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त खोल्या असतील तर बहुतेक हॉटेलं ग्रुपचा दर देतात, पण त्यासोबत अटीही येतात. किती खोल्या कोणत्या तारखेपर्यंत बिनदंड कमी करता येतील, ॲडव्हान्स किती परत मिळेल आणि न आलेल्या माणसाची किती रात्रींची रक्कम कापली जाईल, ही तीन उत्तरं ईमेलवर आल्याशिवाय आम्ही पैसे भरत नाही. स्टॉलचं वाटपपत्र आलं त्याच आठवड्यात खोल्या धरायच्या. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि प्रदर्शनं एकाच वेळी सुरू होतात, आणि खोल्या दोघांनाही हव्या असतात. हॉटेलात लग्नाचा हॉल असेल तर आपली खोली त्याच्या वरच्या मजल्यावर नको, हेही सांगून ठेवायचं. नवरात्रात नेस्कोच्याच आवारात मोठा गरबा असतो, त्यामुळे त्या दिवसांत संध्याकाळी गाडी बोलावण्याऐवजी मेट्रो धरलेली बरी.

आता कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्यावर गेलं की पूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. एक्स्ट्रा बेडचे पैसे खोलीच्या रकमेत धरले जातात, त्यामुळे सात हजारांची खोलीही बेड टाकल्यावर वरच्या दरात जाऊ शकते. अशा वेळी तिसऱ्या माणसाला वेगळी साधी खोली घेणं कधी कधी स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी. हॉटेलचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे तिथलाच लागतो. मुंबईच्या बिलावर महाराष्ट्राचा जीएसटी येतो आणि फक्त कर्नाटकात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करता येत नाही. महागडी खोली घेताना तो १८ टक्के खर्चातच धरावा. महाराष्ट्रातल्या कंपनीने आपला जीएसटी क्रमांक आणि नोंदणीतलं नाव चेक-इनच्या वेळीच द्यावं. बिल एकदा माणसाच्या नावावर निघालं की ते बदलून घेताना फार त्रास होतो.

परदेशी पाहुणा किंवा परदेशातला इंजिनिअर येणार असेल तर ते आम्हाला पहिल्या फोनलाच सांगा. त्याची माहिती हॉटेलला २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते आणि ती व्यवस्था प्रत्येक लॉजकडे नसते. आपल्या माणसांपैकी प्रत्येकाकडे पत्ता असलेलं ओळखपत्र हवं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे ते चालत नाही.

गेल्या काही वर्षांत वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरचं कामही वाढलंय. ते वाशी स्टेशनला लागूनच आहे आणि कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्याला मुंबईत शिरायच्या आधीच लागतं. तिथे आम्ही आधी पार्किंग विचारतो, खोली नंतर. टेम्पो ट्रॅव्हलर उंच असतो, हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जात नाही, आणि रात्रभर रस्त्यावर उभा केला तर सकाळी दंडाची पावती मिळते.