लाडू, आठवडा 7: सोफा उगीचच बदनाम झाला

आमच्या स्पिट्झ कुत्र्याचं, लाडूचं, जेवणाच्या वाटीवरचं गुरगुरणं आटोक्यात आलंय. जाता जाता वाटीत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा टाकायचा आणि पुढे निघायचं, वाटीला हात नाही. सहा फुटांपासून सुरुवात होती, आता हातभर अंतरावरही स्पिट्झसाहेब शेपूट हलवतात.

मंगळवारी मात्र सोफ्यावरून उचलताना दात लागले. रक्त नाही, ओरखडा. तरी 15 मिनिटं साबण-पाण्याने धुणं आणि त्याच दिवशी रेबीजची लस, लाडूचं लसीकरण झालेलं असलं तरी.

पाच आठवडे ‘सोफा राखतो’ असं धरून सौदेबाजी चालली होती. पण चिकन दाखवलं की हा आपणहून उतरतो, कुरकुर नाही. मग राखतोय काय? जुने व्हिडिओ हळू करून पाहिले: उडी मारल्यावर दोन पावलं तीन पायांवर, मग काही झालंच नाही असा चेहरा. व्हेटने चाचपलं, डाव्या मागच्या गुडघ्याची वाटी सरकते, ग्रेड 2 (चारपैकी). छोट्या जातींचं नेहमीचं दुखणं. पोटाखालून उचललं की पाय लोंबकळतो आणि कळ येते. गुरगुरला की ओरडायचं, हा सल्ला म्हणूनच घातक: गुरगुर बंद होते, कळ तशीच राहते, पुढच्या वेळी थेट दात.

आता उचलणं बंद. सोफा 16 इंच, म्हणून 4 फुटी फळीचा उतार, वर रबरी मॅट. गुळगुळीत फरशीवर पायपुसणी, पंजांमधले केस कापलेले. वजन 6.4 वरून 5.8 किलोवर. वेदनाशामक फक्त व्हेटचं. माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी.

मझल (चावू नये म्हणून तोंडावर घालतात तो) बास्केटचाच, म्हणजे टोपलीसारख्या जाळीचा. दुकानदार कापडी पट्टा गळ्यात मारतात, त्यात धड धापा टाकता येत नाहीत. सध्या आत दही लावून लाडू स्वतः नाक घालतो, 5 सेकंद. बक्कल अजून नाही.

उचलण्याचा सराव हात जवळ, चिकन, हात दूर असा ठरला होता. लिहिता लिहिता वाटतंय, आधी हनुवटी तळहातावर ठेवायला शिकवावं. ठेवली तर दुसरा हात छातीकडे, काढली की हात मागे. आणि हे सगळं सोफ्यापासून लांब, स्वयंपाकघरातल्या चटईवर. एका वेळी 2 मिनिटं, दिवसातून 3 वेळा. छातीवर आणि ढुंगणाखाली असे दोन्ही हात लागेपर्यंत पाय जमिनीवरच.