हंपीच्या भाड्यात अंजनेरी

हंपीचं भाडं, दोन दिवसांचा रस्ता. पहाटे नाशिकरोड स्टेशनवरून डोंबिवलीची दोन पोरं आणि एक पोरगी घेतली. गाडी सिन्नरकडे काढणार तोच मागून आवाज आला, "दादा, आधी त्र्यंबक रोडला घ्या ना. अंजनेरीला तासभर थांबू."

म्हणजे बरोबर उलटी दिशा. मला वाटलं, दर्शन असेल. मारुतीचा जन्म आमच्या अंजनेरीचा की हंपीजवळच्या अंजनाद्रीचा, यावरून २०२२ साली नाशिकरोडलाच साधुमहंतांची सभा भरली होती. ती हमरीतुमरीवर गेली. ही मंडळी दोन्हीकडे नमस्कार करून मोकळी होणार, असं मी धरलं.

कॅरिअरवरून उतरल्या मात्र गाद्या. जाडजूड, घडी घालून पाठीला अडकवायच्या. क्रॅश पॅड म्हणे, पडलं तर अंगाखाली असावेत म्हणून. धोंडे चढायचा हा खेळ, बोल्डरिंग. वरच्या कड्यांकडे ते फिरकलेच नाहीत. तिथं गिधाडांची घरटी, आणि हिवाळा हाच त्यांच्या विणीचा काळ. पायथ्याला कधीकाळी गडगडत आलेले धोंडे पडलेत, पुरुष-दीड पुरुष उंच. एवढ्याशा दगडासाठी एवढा सरंजाम! दोर आणलेलाच नाही, हे जरा वेळानं ध्यानात आलं.

बराच वेळ कुणी चढेचना. पोरगी ब्रशनं खाचा घासत होती, टिचक्या मारून ऐकत होती. पोकळ वाजला की तो कंगोरा सोडून द्यायचा. आपल्या काळ्या दगडाचा टवका कधी हातात येईल सांगता येत नाही. हंपीचा ग्रॅनाइट खरखरीत, बोटांची सालटी काढतो, म्हणून इथं कातडी जपून वापरायची. चढण्याआधी धोंड्याला वळसा घालून उतरायची वाटही बघून ठेवली. हे मला पटलं.

मग तिनं मलाच कामाला लावलं. "दादा, माझ्यासोबत उभे राहाल? झेलायचं नाही हं. डोकं आणि पाठ गादीवर येईल एवढं बघायचं."

ट्रक रिव्हर्स घेताना मागं क्लीनर उभा असतो, तसलंच काम. गाडी काही तो ढकलत नाही. मी ते चिक्कार केलंय, पण तिला कुठं माहीत!

थोरल्याचे दोन्ही हात वरच्या कडेला पोचले आणि पाय सुटला. तो सरळ नाही आला, कुशीवर आला. मी पुढं होऊन खांद्यामागं तळवे लावले, तिनं पायानं गादी सरकवली. धप्पकन बसला. माझ्या छातीत धडधड, आणि हा हाताला पांढरी पूड चोळत पुन्हा त्याच दगडापाशी! तिसऱ्यांदा चढला. निघताना दगडावरची पूडसुद्धा ब्रशनं झाडली त्यांनी.

गाडीत तो पुढं येऊन बसला. "दादा, हे कुठं शिकलात?"

"कसाऱ्याच्या घाटात. दहा टायरच्या मागं."

मग सिन्नरपर्यंत मोबाइलवर हंपीचे धोंडे दाखवायची त्यांची घाई. गाडी चालवताना मी स्क्रीन बघत नाही म्हटल्यावर पोरगी एकेक दगड तोंडानंच सांगू लागली, कुठं खाच, कुठं फुगवटा. मी दर वेळी एवढंच विचारायचो, "आणि खाली काय आहे?"