तुम्ही विचारलंत म्हणून: शूज कधी बदलायचे?

"ताई, शूज किती किलोमीटरला बदलायचे?" हा प्रश्न मला सतत येतो. कधी गोल्फ क्लबवर स्ट्रेचिंग करताना (हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण नाशकात सकाळी धावणारा माणूस गोल्फ क्लबच म्हणतो), कधी रविवारच्या लाँग रननंतर मिसळीच्या टेबलावर. बहुतेक वेळा मात्र तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, शूजच्या तळाच्या फोटोसकट. फोटोखाली एक वाक्य ठरलेलं असतं: "अजून तर चांगले दिसताहेत ना?"

मी कोच नाही, शूज विकतही नाही. बरीच वर्षं धावतेय आणि नवीन येणाऱ्यांना थोडंफार सांगते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा एकदाच नीट लिहून टाकते.

आधी एक विनंती. तळाचा फोटो पाठवू नका, त्यावरून फारसं काही कळत नाही. रनिंग शूजचे ढोबळमानाने तीन भाग. खाली रबर, म्हणजे आउटसोल. वर जाळीचं कापड, म्हणजे अपर. आणि या दोघांच्या मधे जो जाड, हलका, बहुतेक वेळा पांढरा थर दिसतो तो मिडसोल. पैसे आपण मुख्यतः त्या मधल्या थराचे मोजतो. आणि संपतो तोही तोच, पण संपताना दिसत नाही.

हा थर बऱ्याच शूजमध्ये ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. त्यात वायूने भरलेले असंख्य बारीक बंद बुडबुडे असतात. पाय पडला की ते दबतात, उचलला की फुगतात. आता हिशोब करा. किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, म्हणजे एकेका पायाची पाचशे. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार. सत्तर किलोच्या माणसाचे सहाशे किलोमीटर झाले की एकेका शूजने दीडशे किलोच्या आसपासचा दाब तीन लाख वेळा सोसलेला असतो. बुडबुड्यांच्या भिंती वाकतात, काही फाटतात, फोम चपटा आणि कडक होत जातो. कापसाची गादी दबली तर पिंजून घेता येते, हा फोम पिंजता येत नाही.

मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्यांची इथेच फसगत होते. माती रबराला फार घासत नाही. त्यामुळे तळाच्या खाचा महिनोन्‌महिने शाबूत राहतात, तळ नव्यासारखा दिसतो आणि मधला फोम केव्हाच बसलेला असतो. गंगापूर रोडला डांबरावर आणि काँक्रीटवर धावणाऱ्याचं रबर लवकर झिजतं, म्हणून त्याला निदान डोळ्यांना काहीतरी दिसतं. तळाचं रबर जाऊन पांढरा फोम उघडा पडला असेल तर विचारायची गरजच नाही, तो जोड संपला. पण रबर शाबूत आहे म्हणून जोड शाबूत, हे उलट बाजूने खरं नाही.

आता आकडा. तो सांगितल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. ५०० ते ८०० किलोमीटर हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. तो मुळात ३०० ते ५०० मैल असा आहे. त्याला काही आधार आहे, पण त्यात कुठे रेघ मारलेली नाही. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शूजना यंत्रावर धावल्यासारखे धक्के दिले होते. पहिल्या ८० किलोमीटरांतच त्यांची धक्का शोषण्याची क्षमता मूळच्या सुमारे ७५ टक्क्यांवर आली, आणि ४०० ते ८०० किलोमीटरांच्या टप्प्यात ६० टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या शूजमध्ये मात्र ८०० किलोमीटरनंतरही ७० टक्क्यांच्या आसपास उरली होती. फोम तेव्हाचे होते, आजचे वेगळे आहेत. तरी त्या आकड्यांचा कल बघण्यासारखा आहे. मोठी घसरण सुरुवातीलाच होते, पुढची उतरण सावकाश. सातशे किलोमीटरला काही तुटून पडत नाही. अ‍ॅपवरचा आकडा सातशेचा सातशे एक झाला म्हणून घाबरून दुकान गाठू नका.

मग शरीराला कळत नाही का? कळतं, पण ते आपल्याला सांगत बसत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात २४ जणांना नव्या शूजमध्ये तपासलं, आणि त्याच शूजमध्ये सुमारे ३२० किलोमीटर धावून झाल्यावर पुन्हा तपासलं. जमिनीकडून येणाऱ्या धक्क्यात लक्षणीय फरक पडलेला नव्हता. फरक धावण्यात पडला होता. पाय जमिनीवर किंचित जास्त वेळ टेकत होता, घोट्याची आणि धडाची ठेवण थोडी बदलली होती. म्हणजे शूज उतरले तशी माणसांनी आपली चाल जुळवून घेतली, आणि धक्का होता तेवढाच राखला.

"मला तर काहीच फरक जाणवत नाही," असं तुम्ही म्हणता तेव्हा खोटं बोलत नसता. रोज तोच जोड घालणाऱ्याला तो जाणवणारच नाही. उतार इतका हळू असतो की कालच्या आणि आजच्या शूजमध्ये काहीच अंतर नसतं. अंतर असतं ते पहिल्या आठवड्यातल्या आणि आजच्या शूजमध्ये, आणि पहिला आठवडा पायांच्या आठवणीत राहत नाही. म्हणून मी आकड्यापेक्षा तुलनेवर जास्त विश्वास ठेवते. किलोमीटर सांगतात की संशय घ्यायची वेळ झाली. निकाल द्यायचा तो शेजारी नवा जोड ठेवूनच.

करायचं असं. दुकानात जाताना जुना जोड पिशवीतून घेऊन जा, आणि जमलं तर संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बरोबर बसलेला शूज रात्री चावतो. एका पायात जुना शूज, दुसऱ्या पायात त्याच किंवा तशाच प्रकारचा नवा. लेस दोन्हींच्या सारख्याच आवळा. दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारा, जागेवर जॉगिंग करा, मग अदलाबदल करा. जुन्या पायाकडून फरशी कडक लागत असेल, त्या बाजूची टाच खाली बसल्यासारखी वाटत असेल, तर जुन्याचं काम झालं. आणि अजिबात फरक वाटला नाही तर खुशाल घरी या. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, पण तेवढं चालतं.

त्याहून सोपी सवय म्हणजे पहिला जोड अर्ध्यावर आला की दुसरा घ्यायचा आणि दोन्ही आलटून पालटून वापरायचे. मग तुलना रोजच होत राहते. पावसाळ्यात तर दोन जोड लागतातच, नाहीतर ओले शूज वाळेपर्यंत तुमचं धावणं बंद. लक्झेंबर्गमध्ये २६४ हौशी धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकाहून जास्त जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीची जोखीम ३९ टक्के कमी आढळली. यावरून शूजनेच दुखापत टळते असं सिद्ध होत नाही. दोन जोड बाळगणारा माणूस मुळात जास्त काळजी घेणाराही असेल. पण वेगवेगळ्या शूजमध्ये पायावरचा भार थोडा वेगवेगळ्या जागी पडतो, हे मला पटतं.

घरच्या घरी बघायचं असेल तर शूज टेबलावर ठेवा आणि मागून, टाचेच्या पातळीला डोळे आणून बघा. सरळ उभा आहे की एका अंगाला कलला आहे? मिडसोलच्या बाजूच्या भिंतीवर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात, त्या टाचेखाली दाट झाल्यात का ते बघा. अंगठ्याने तिथे दाबून बघा, मग जिथे वजन फारसं पडत नाही तिथे, म्हणजे पायाच्या कमानीजवळ, दाबून बघा. आतली इनसोल, म्हणजे पायाखालची सुटी गादी, काढली तर अंगठ्याचा आणि टाचेचा ठसा दिसेल. त्याचं फार मनावर घेऊ नका, तो सगळ्यांचाच उमटतो. टाचेच्या आतलं अस्तर फाटून प्लास्टिक लागायला लागलं तर मात्र मिडसोल कितीही चांगला असो, फोड तुम्हालाच येणार.

टाच बाहेरच्या कडेने जास्त झिजली म्हणून फोटो पाठवणारेही बरेच आहेत. बहुतेकांची तशीच झिजते, कारण बहुतेकांचा पाय तसाच पडतो. डावी आणि उजवी यांत ठळक फरक असेल तर मात्र विचार करा. आणि रस्त्याच्या एकाच उतरत्या कडेने रोज धावता का, तेही आठवा.

दुखण्याचं काय? अंतर वाढवलेलं नाही, वेग वाढवलेला नाही, पांडवलेणीच्या पायऱ्या नव्याने सुरू केलेल्या नाहीत, आणि तरी नडगीची आतली कड किंवा गुडघा कुरकुरायला लागला, तर शूजवर संशय घ्यायला हरकत नाही. नव्या शूजमध्ये दोन आठवडे जरा कमी धावूनही दुखतंच असेल तर दोष शूजचा नव्हता. फिजिओकडे जा. तिसरा जोड घेऊ नका.

पैशाचा मुद्दा मी टाळत नाही. सहा हजारांचा जोड सहाशे किलोमीटर गेला तर किलोमीटरला दहा रुपये पडले. स्कूटरसुद्धा याहून स्वस्त पडते, हे आमच्या घरातलं जुनं निरीक्षण आहे. यावर उपाय एकच: नवं मॉडेल आलं की आधीचं सवलतीत मिळतं, ते घ्या. बदल बहुतेक वेळा किरकोळ असतात, पण घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, कारण त्या किरकोळ बदलात कधीकधी पुढची रुंदीही बदलते. आणि रनिंगचे शूज घालून मंडईत, ऑफिसला, मुलांच्या शाळेत जाऊ नका. ती पावलं अ‍ॅपवर मोजली जात नाहीत, फोमवर मोजली जातात.

नवी इनसोल टाकली तर? पायाखाली चार दिवस मऊ लागेल, मिडसोल होता तिथेच. दुरुस्तीवाल्या दादांकडून सोल चिकटवून घेतला तर? सुटलेलं रबर ते छान चिकटवतात, फाटलेला अपर शिवतात, जरूर करून घ्या. बसलेला फोम त्यांनाही उठवता येत नाही.

सेलमध्ये चार जोड एकदम घेऊन ठेवू का, असंही विचारतात. नको. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना मुलाने परदेशातून भारी शूज आणले. "हे मॅरेथॉनला घालू" म्हणून काकांनी ते खोक्यासकट माळ्यावर ठेवले. काही वर्षांनी मुहूर्त लागला. वॉर्मअप होईपर्यंत सगळं ठीक होतं, मग ट्रॅकवर पिवळट तुकडे सांडायला लागले. काका थांबले, पाय उचलून बघितला, तर टाचेखालचा सोल चिकट भुगा होऊन सुटत होता. एक किलोमीटरही न धावलेले शूज! तो सोल पॉलियुरेथेनचा असणार. हवेतल्या ओलाव्याने हा पदार्थ आतून तुटत जातो, वापरा किंवा न वापरा. ईव्हीएचं असं पीठ होत नाही, पण त्याला लावलेला गोंद म्हातारा होतोच, आणि आपल्या पावसाळ्यात बंद खोक्यात तर नक्की. शूज घेतल्याचा महिना आणि वर्ष शूजच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. भिजले तर इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा गीझरवर नाही. उष्णतेने आधी गोंद सुटतो.

"कविता राऊत तर अनवाणी धावायची," हे ऐकवणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. बरोबर आहे. सावरपाड्याची ती पोरगी लहानपणापासून त्या मातीत अनवाणी वावरली, तिचे पाय तसे घडले. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य मिळवलं तोवर मागे कितीतरी वर्षांची मेहनत होती. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हेही तुम्ही सांगाल. १९६४ ची टोकियोची त्याने शूज घालून जिंकली, हे मी सांगते.

त्यावरून आठवलं. "जुने शूज पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना देऊ का?" असा प्रश्न चांगल्या मनाने येतो. अपर धड असेल, स्वच्छ धुतलेले असतील, तर शाळेत जायला द्या. पण स्पर्धेत धावणाऱ्या मुलाला तुमचा बसलेला मिडसोल देऊ नका. जो जोड तुमच्या गुडघ्याला नको झाला तो त्याच्या गुडघ्याला कसा चालेल? त्याच्यासाठी तिघाचौघांनी मिळून एक नवा घ्या.

आणि श्रावण जवळ आला की हमखास येणारा प्रश्न: "ब्रह्मगिरीच्या फेरीला जुनेच घालू ना? नाहीतरी चिखलात खराब होणार." त्र्यंबकेश्वरच्या डोंगराला तिसऱ्या सोमवारी घालायच्या त्या प्रदक्षिणेची गर्दी, रात्रीचा अंधार, भिजून बुळबुळीत झालेला कातळ आणि निसरडा चिखल, यात तळाच्या खाचा गेलेला शूज घालून वीसेक किलोमीटर चालायचं म्हणजे मनगट मोडून घ्यायची तयारी. इथे फोम थोडा बसलेला असला तरी चालेल, रबर धड हवं. रोजच्या धावण्याच्या अगदी उलट. मातीच्या ट्रॅकवर वापरून फोम बसलेला, पण तळ कोरा राहिलेला एखादा जोड तुमच्याकडे असेल तर फेरीला तोच काढा. चिखल पाण्याने निघतो.